साठ दिवसांचं टोकन

माह्या पोराचा फोन दर साठ दिवसांनी येत असे. कॅलेंडरवर खूण करायची गरज नव्हती, तारीख डोक्शातच राहे. लोकायले वाटे, पोरगं पुण्यात एवढ्या मोठ्या कंपनीत, तरी बापाले टायमावर फोन करते, गुणाचं आहे. मी म्हणे, हाव, गुणाचं तं आहेच. पण तो फोन मले नसे, टोकनले असे, हे कोणाले सांगू अन् काऊन सांगू?

आता टोकन म्हणजे दवाखान्यात नंबर लागते ते नाही. सांगतो. पण थोडं मागून सांगा लागते, नाहीतर तुम्ही म्हणसान, म्हाताऱ्याचं काहीच्या काही.

मी उकंडराव. धाड या बाजारगावापासून सात किलोमीटरवर आमचं गाव. माह्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मायनं मले उकिरड्यावर ठेवून उचललं अन् नाव उकंडा ठेवलं. यमाले वाटावं, हे काय कामाचं, राहू दे. त्यानं राहू दिलं. चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो. इंजिनाचा आवाज ऐकून सांगत असे, कुठं दुखून राह्यलं. रिटायर झालो अन् घरच्या चार एकरात कपाशी लावू लागलो. त्याच वर्षी शालूबाई गेली, माही बायको. दीपक आमचा एकुलता एक.

अन् मी अन् दीपक कधी बोललोच नाही. भांडण नाही, तंटा नाही. पण जे काय बोलायचं ते शालूबाईमार्फत. "आई, अप्पाले विचार, गाडी नेऊ का." "त्याले सांग, ने, पण हवा पाहून घे." तो आतल्या खोलीत, मी ओसरीत, मधात ती भाकरी थापत. दोघायचंही तिले ऐकू येई, दोघायलेही एकमेकाचं ऐकू येई, तरी ती बिचारी इकडचं तिकडं सांगे. ती गेली अन् मधात कोणीच नाही राह्यलं. तेरवी झाल्यावर पोरगं पाया पडलं. मी म्हटलं, "सावकाश जा." तो म्हणाला, "हो." झालं. पुढची दोन वर्षं सणावाराले एक फोन. "बरं आहे का?" "बरं आहे." "ठेवू?" "ठेव." घरात मी अन् फ्रीज. तो रात्रंदिवस गुरगुरे. एकदा तं मी त्याले म्हटलं, "बोल ना बे नीट, काय गुरगुरून राह्यला!" मंग माह्यंच मले कसंतरी वाटलं.

सतरा साली गुलाबी बोंडअळी आली. बीटी कपाशी आली तेव्हा सारे सांगत, आता अळी विसरा. दहा-बारा वर्षं विसरलोही. अन् त्या साली बोंड वरून हिरवंगार, ठसठशीत, अन् फोडलं की आत सडका कापूस अन् अळी आरामात बसलेली. लोकायनं उभ्या कपाशीत ढोरं सोडली. मीही सोडली. त्या दिवाळीले दीपक आला होता. त्यानं वावरात जाऊन दहा-बारा बोंडं फोडून पाह्यली अन् पुण्याले परत गेला. पण उन्हाळ्यात एक दिवस त्याचा फोन आला.

"अप्पा, एक प्रोग्रॅम केला आहे. तुमच्या कामाचा आहे."

प्रोग्रॅम असा होता. आजूबाजूच्या नऊ शेतांत कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग तिच्या नादानं येऊन अडकते. ज्याचं शेत त्यानं रोज सकाळी पतंग मोजायचे अन् मोबाइलवरून आकडा भरायचा. तीन दिवस सारखे आठच्या वर पतंग आले, की प्रोग्रॅम स्वतःच फेसबुकच्या पेजवर लिहिणार: अमुक शिवारात धोका, दोन दिवसांच्या आत फवारा मारा. दोन दिवस काऊन? तं अळी एकदा बोंडात शिरली की वरून औषध मारा नाहीतर गंगाजल शिंपडा, तिले काही फरक पडत नाही. पेजचं नाव ठेवलं 'बोंडअळी खबर'. एका हंगामात इकडं धाडपासून तिकडं साखरखेर्ड्यापर्यंतचे साडेतीन हजार लोकं त्याले जोडले गेले.

त्यात एक अक्कल मी पाजळली. दीपक म्हणत होता, पेजवर रोजचे आकडे रोज लिहू. मी म्हटलं, "रोज लिहिलं तं कोण वाचते बे? धोका असला तरच लिही." डेपोतली सवय. बॉनेटखालून आवाज नाही आला म्हणजे गाडी ठीक. त्यानं ऐकलं. मंग लोकायलेही तीच सवय लागली: पेज गप्प, म्हणजे कपाशी ठीक.

आता टोकन. प्रोग्रॅमले पेजवर लिहायचं तं कोणाच्या तरी परवानगीनं लिहा लागते. पेज माह्या खात्यातून काढलेलं, म्हणून परवानगी माही. पण प्रोग्रॅमले कोणी आपला पासवर्ड देत नाही. त्याच्याऐवजी फेसबुक एक टोकन देते, म्हणजे इंग्रजी अक्षरं अन् आकडे मिळून हातभर लांब एक ओळ. ती ओळ ज्याच्याजवळ, तो तुमच्या नावानं लिहू शकते. म्हणून ती कोणाले दाखवायची नाही, व्हॉट्सअपवर टाकायची नाही, हे दीपकनं मले तीनदा बजावलं. अन् ती जिंदगीभर चालतही नाही. पहिले मिळते ती एक-दोन तासाचीच. मंग दुसऱ्या जागी जाऊन वाढवायचं बटन दाबलं की साठ दिवसांची होते. साठ दिवस झाले की मेली. पुन्हा पहिल्यापासून सारं. खातं माह्यं असल्यानं ते मलेच करा लागे, अन् कसं करायचं ते दीपक फोनवर सांगे. हात माहे, डोकं त्याचं.

पहिल्या वेळी मले काही म्हणजे काही कळलं नाही. दीडेक तास लागला. त्यानं धाडलेला जुना लॅपटॉप, गच्चीवर बसलो कारण नेट तिथंच येते, वरून ऊन, स्क्रीनवर माह्यंच तोंड दिसे. वाढवायचं बटन मी विसरलो, तं दोन तासांनी सारं बंद. पुन्हा फोन. दुसऱ्या वेळी पाऊण तास. तिसऱ्या वेळेच्या आठ दिवस आधी मी वहीत साऱ्या पायऱ्या लिहून काढल्या. अकरा झाल्या. एसटीचं इंजिन उघडून बसवणाऱ्याले अकरा पायऱ्या काय जड? एकटाच बसलो अन् चार मिनटांत टोकन काढलं, वाढवलं, ओळ डोळ्यांनी पाह्यली अन् पुसून टाकली. येते! मले येते! एवढा खूश झालो की दीपकले सांगायले फोन उचलला.

अन् नंबर लावता लावता थांबलो. त्याले सांगतलं, तं तो फोन कशाले करीन?

नाही सांगतलं. तारखेले त्याचा फोन आला अन् मी सोंग घेतलं. बाप्पा, काय सोंग घेतलं! नाटक मंडळीत जायले पाह्यजे होतो मी.

"अप्पा, उजवीकडं निळं बटन दिसतंय का?"

"नाही बा."

"वरती, उजवीकडं."

"माह्या उजवीकडं का त्याच्या?"

"तुमच्या, अप्पा."

बटन समोर ढळढळीत. मी म्हणे, "थांब, चक्र फिरून राह्यलं अजून." चक्र केव्हाच थांबलेलं असे. पण त्या चक्राच्या वेळात पोरगं बोले. बटनासाठी थांबलेला माणूस काय करीन, बोलतेच काही ना काही. पुण्यात पाऊस आहे. पोरीचा, म्हणजे माह्या नातीचा, दात पडला. गुडघा दुखते अलीकडं. "माह्याही दुखते," मी म्हणे. एकदा म्हणाला, "अप्पा, आई त्या जवसाच्या चटणीत लसूण टाकायची का हो?" मी म्हटलं, "टाके. अन् खोबऱ्याचा उलीसा तुकडा, तव्यावर भाजून." मंग दोघंही काही वेळ चटणीवरच बोललो. त्या दिवशी फोन पंचावन्न मिनटं चालला. त्याच्यावर मी दोन महिने काढले, खोटं नाही सांगत. जेवायले बसलो की आठवे, अन् दोन घास जास्त जात.

हंगाम संपला. कपाशी उपटली, सापळे काढले, वावरात काळं कुत्रं नाही, तरी आमचं टोकन चालूच. दीपक म्हणाला, "आता जूनपर्यंत राहू द्या, अप्पा." मी म्हटलं, "गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली की बॅटरी उतरते. चालू ठेवा लागते." टोकनले बॅटरी नसते, हे मलेही कळते. पण एसटीचा मेकॅनिक म्हणून राह्यला म्हटल्यावर तो काय बोलणार!

अशानं एकोणीस साल उजाडलं. जूनच्या शेवटी काढलेलं टोकन ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या चार दिवस आधी, संपणार होतं. संपायच्या चार दिवस आधी प्रोग्रॅम आम्हा दोघायलेही ईमेल पाठवे. गुरुवारी ईमेल आला. मी फोन चार्ज केला, लॅपटॉप पुसला, गच्चीवर सतरंजी टाकली. दीपकले सांगायचं म्हणून दोन-तीन गोष्टीही मनात काढून ठेवल्या. विहिरीले पाणी आलं. शेजारच्या शेषरावच्या पोराचं लग्न जुळलं.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी-रविवारी त्याले सुट्टी असते, मी दोन्ही दिवस फोन खिशातून बाहेरच काढून ठेवला. नाही आला. त्याची कंपनी बदलली होती, काम जास्त होतं, हे मंग कळलं. तेव्हा मले एवढंच दिसे की साठ दिवस भरत आले अन् पोराले बाप आठवला नाही.

तुम्ही म्हणसान, तुम्हीच लावायचा फोन. मी काऊन लावू? पोरानं बापाले करायचा, अशी रीत पडली होती. अन् लावला असता तं काय म्हणालो असतो? 'मले बोलायचं आहे'? आमच्या सात पिढ्यांत असं कोणी म्हटलं नाही. म्हणून मी रुसलो. बासष्ट वर्षांचा माणूस, गच्चीवर सतरंजी टाकून, रुसून बसलो.

सोमवारी टोकन मेलं. मी त्याले मरू दिलं. चार मिनटांचं काम होतं, अकराच्या अकरा पायऱ्या तोंडपाठ होत्या, अन् मी हात नाही लावला. मनात म्हटलं, पेज बंद पडलं हे दीपकले समजू दे, मंग बरोबर फोन येईन. माह्या स्वतःच्या सापळ्यात दोन, तीन, एक, एवढेच पतंग होते. मी म्हटलं, कुठं काय धोका आहे? बाकीच्या आठ जणायचे आकडे पाहायचे तं लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडा लागे, अन् प्रोग्रॅम उघडला की वर टोकनची लाल पट्टी दिसे. ती दिसली असती तं माह्या हाताले राहवलं नसतं. चौतीस वर्षं बिघाड पाह्यला की पाना हातात घेणारा माणूस आहे मी. म्हणून उघडलाच नाही.

शुक्रवारी पोळा. माह्याजवळ आता बैल नाहीत, तरी बैलं उभी करतात त्या तोरणाखाली गेलो. शकूरभाईची जोडी नटूनथटून उभी होती, शिंगायले बेगड, पाठीवर झूल. शकूरभाई आठवडी बाजारात दुकान लावते, धाडच्या, इकडच्या तिकडच्या. शेती सारी त्याची बायको जहांआरा पाहते, तीन एकर. आमच्या नवांतला एक सापळा तिच्याच वावरात. ती बैलायच्या मागं उभी होती. मले पाहून खुशीत म्हणाली, "उकंडाभाऊ, या वर्षी अल्लाची मेहरबानी आहे. पेज एकदम गप्प आहे."

मी सहज म्हणून विचारलं, "तुमच्या सापळ्यात किती आले, भाबी?"

"आज चौदा. काल तेरा. आठवडा झाला, दहाच्या खाली नाही."

"अन् फवारा?"

"औषध आणून ठेवलं ना घरात. पण पेज काही बोललं नाही. मी म्हटलं, पेजले जास्त कळते. काऊन उगाच मारा?"

ढोल वाजून राह्यले होते, पोट्टे झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणून राह्यले होते, अन् मी तिथून निघालो. सरळ घरी आलो. गच्चीवर गेलो, लॅपटॉप उघडला. लाल पट्टी. तिच्या खाली अडकलेले इशारे, एकाखाली एक. सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा, गुरुवारचा, आजचा. चार मिनटंही नाही लागली. टोकन टाकल्याबरोबर पाचही इशारे धडाधड पेजवर जाऊन पडले.

पाच मिनटांत शेषरावचा फोन. "उकंडा, अबे सोमवारचा इशारा शुक्रवारी? झोपलं होतं का तुह्यं पेज?"

मी म्हटलं, "सर्वर बंद होता."

केवढा सोपा शब्द आहे पाहा. सर्वर कोणी पाह्यला नाही, त्याच्यावर काहीही ढकला.

पोळ्याच्या दिवशी कोणी फवारा मारत नाही, माणूस मिळत नाही. शनिवारी सकाळी काहींनी पंप पाठीवर घेतले अन् दहा वाजता जी झड लागली ती सोमवारी उघडली. मारलेलं वाहून गेलं. ज्यायनं पेजची वाट न पाहता आधीच मारलं होतं ते वाचले. जहांआरानं वाट पाह्यली होती.

दीपकचा फोन बुधवारी आला, टोकनची तारीख उलटून नऊ दिवसांनी. "अप्पा, सॉरी, कामात विसरलोच. पण पेज तर चालू दिसतंय?" मी म्हटलं, "हाव, जुनं खिडकीत उघडंच होतं, दाबलं तं झालं." काय बोललो मलेच कळलं नाही. त्यालेही नाही कळलं, पण घाईत होता. दीड मिनटात फोन संपला. मी विहिरीच्या पाण्याचं सांगतलंच नाही.

पंधरा दिवसांनी मी जहांआराच्या वावराकडून जात होतो. जात होतो म्हणजे काय, रोज लांबचा रस्ता धरून तिचं वावर चुकवत होतो, त्या दिवशी बांधावर चिखल होता म्हणून फसलो. ती वाकून डोमकळ्या तोडत होती. डोमकळी म्हणजे अळी लागलेलं फूल. पाकळ्या आतून जाळ्यानं शिवल्यासारख्या बंद, उमलतच नाही. ती एक एक तोडून घमेल्यात टाके. दोन घमेले भरले होते अन् अजून पाव एकरही झाला नव्हता.

"उकंडाभाऊ," ती न थांबता म्हणाली, "एक विचारू? ते पेज काऊन गप्प होतं?"

मी तोंड उघडलं, सर्वर म्हणायले. अन् घमेल्यात पाह्यलं. गुलाबी अळ्या काठावर चढून राह्यल्या होत्या. नाही म्हणता आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माह्या मनात तं भर उन्हात चांदणं पडलं होतं पंधरा दिवस.

सारं सांगतलं. शालूबाईपासून सांगतलं. टोकन मले येते, वर्ष झालं येते, पण पोराचा फोन यावा म्हणून मी मरू दिलं, हेही सांगतलं.

तिनं तोडणं थांबवलं. "एका फोनसाठी?"

"हाव."

मले वाटलं आता शिव्या देईन. द्यायले पाह्यजे होत्या. ती घमेल्याकडं पाहत राह्यली. मंग म्हणाली, "माहा फैजान नाशिकले आहे. तोही करत नाही फोन. मीच करते. तो म्हणते, 'अम्मी, बाद में.' मी दुसऱ्या दिवशी पुन्हा करते. शरम कसली त्यात?" अन् जरा थांबून, "माह्यं तीन एकर तुमच्या शरमेत गेलं, भाऊ."

एवढंच बोलली अन् पुन्हा वाकली. मी चपला काढल्या अन् दुसऱ्या ओळीत शिरलो. दुपारपर्यंत आम्ही दोघंही डोमकळ्या तोडत होतो. निघताना फक्त म्हणाली, "ते टोकन मले शिकवा. तुमच्या एकट्याच्या हातात नको."

बरोबर होतं तिचं. त्याच दिवशी दुपारी मी दीपकले फोन लावला. तो "बोला अप्पा" म्हणे म्हणेपर्यंत मी सुरूच झालो, थांबलो असतो तं हिंमत गेली असती.

"दीपक, टोकन काढायले मले येते. वर्ष झालं येते. तू आता त्याच्यासाठी फोन नको करू. अन् पेजवर रोज लिहिलं गेलं पाह्यजे. धोका नसला तरी 'आज धोका नाही' असं लिही. म्हणजे पेज गप्प झालं की लोकायले कळीन, बिघडलं म्हणून. माही चूक होती ती. जहांआराभाबीलेही पेजवर घे, तिलेही टोकन काढता आलं पाह्यजे."

मी थांबलो. आता विचारीन, येत होतं तं वर्षभर सांगतलं काऊन नाही? विचारलं असतं तं सांगणार होतो. सारं सांगणार होतो, जहांआराले सांगतलं तसं.

"अरे वा, अप्पा!" दीपक म्हणाला. एवढा मोकळा आवाज त्याचा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "आधी सांगायचं ना! मला दर वेळी मीटिंग सोडून बसावं लागायचं. फार बरं झालं. रोजचं लिहिण्याचं मी आजच करतो, ते सोपं आहे. अजून काही?"

"नाही."

"ठेवू मग?"

"ठेव."

सुंठीवाचून खोकला गेला त्याचा. तो चूक नव्हता हो. मीच त्याले वर्षभर दाखवलं की बापाले बटन पाह्यजे. पोरगं पाह्यजे असते हे त्याले कसं कळणार?

पेजवर रोज लिहिणं सुरू झालं. जहांआराची कपाशी अर्ध्याच्या वर गेली. तिनं ती मोडली नाही, जेवढी राह्यली तेवढी वेचली. मी जमलं तेवढे दिवस वेचायले गेलो, ती नको म्हणाली नाही, बसही म्हणाली नाही. दिवाळी आली. दीपक सासुरवाडीले गेला. भाऊबिजेच्या आसपास टोकनचे साठ दिवस भरले, अन् ठरल्याप्रमाणे जहांआरानं तिच्या खात्यातून नवं काढलं. तिच्या ओट्यावर मी बाजूले बसलो होतो, काही अडलं तं सांगायले. काही अडलं नाही. वाढवायचं बटनही ती विसरली नाही. "झालं," म्हणाली अन् फोन पदराले पुसून आत ठेवायले गेली.

मी उठलो. घरी जायचं नव्हतं, म्हणून वावरात गेलो. कपाशीची शेवटची बोंडं फुटली होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो. साठावा दिवस होता. मागच्या दिवाळीत याच सुमाराले मी गच्चीवर बसून म्हणत होतो, बटन दिसत नाही बा, अन् दीपक हसला होता. आता बटनही गेलं. मले कोणी काही विचारायचं राह्यलं नाही अन् मले कोणाले काही विचारायचं राह्यलं नाही. एवढं एकटं मले शालूबाई गेली तेव्हाही नव्हतं वाटलं. तेव्हा निदान घरात माणसं होती, रडायले.

फोन काढला. दीपकचं नाव काढलं. बंद केला. पुन्हा काढला. मंग डोळे मिटून दाबला.

दुसऱ्याच रिंगले उचलला त्यानं. आवाज घाबरलेला. "अप्पा? काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं."

"पेज बंद पडलं का?"

"पेज चालू आहे."

"तुमची तब्येत?"

"ठीक आहे."

"मग काय झालं, अप्पा?"

मी म्हटलं, "काही नाही झालं. मले लय एकटं वाटून राह्यलं, बेटा. तुह्याशी बोलावं वाटलं, म्हणून केला."

तिकडून आवाजच नाही. मले वाटलं कट झाला. कानापासून काढून पाह्यलं, सेकंद पुढं सरकून राह्यले होते. पुन्हा कानाले लावला. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"काय बोलू, अप्पा?" दीपक म्हणाला. चिडला नव्हता. लहान लेकरू विचारते तसं, खरंच विचारत होता.

अन् मलेही माहीत नव्हतं.